लाकोटांचे लखोटे: सू लोक, त्यांचा इतिहास आणि मदतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत हे पाकीट कधी ना कधी येऊन पडतं. आत आपल्याच नावापत्त्याचे छापील स्टिकर, एक छोटासा ड्रीमकॅचर (जाळी विणलेलं, पिसं लावलेलं कडं), कुणा लहान मुलाची हृदयद्रावक गोष्ट आणि पैसे पाठवायचं दुसरं पाकीट. पत्ता साउथ डकोटाचा. गंमत म्हणजे 'लाकोटा' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला, की मधला 'क' घशातून येतो आणि आपल्या कानाला चक्क 'लखोटा' ऐकू येतं.

मी मिनेसोटात राहते. साउथ डकोटातल्या पाइन रिज या ओग्लाला लाकोटांच्या राखीव क्षेत्राला पहिल्यांदा जाऊन आले तेव्हापासून मंडळातले लोक, पुण्याची भाचरं, माउंट रशमोरची सहल आखणारी मित्रमंडळी मला ठरावीक प्रश्न विचारतात. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून काढलेलं बरं.

'सिऊक्स' म्हणायचं की 'सू'? आणि लाकोटा वेगळे की तेच?

उच्चार 'सू'. शेवटचं अक्षर लिहिण्यापुरतं. शब्द मुळात त्यांचा नाहीच. शेजारच्या ओजिब्वे लोकांनी त्यांना दिलेलं नाव फ्रेंच व्यापाऱ्यांनी आपल्या पद्धतीने लांबलचक लिहिलं आणि त्याचं शेपूट तेवढं उरलं. त्या नावाचा अर्थ 'छोटे साप' असा सांगतात. भांडणातल्या शेजाऱ्याने ठेवलेलं नाव याहून गोड कुठून असणार?

ते स्वतःला ओचेती शाकोविन म्हणतात, म्हणजे सात शेकोट्या. सभेला बसताना प्रत्येक गटाची एक शेकोटी. त्यातल्या पूर्वेकडच्या चार डकोटांच्या, मधल्या दोन यांक्टन आणि यांक्टोनाईंच्या, आणि पश्चिमेची सातवी लाकोटांची. लाकोटांत पुन्हा सात पोटगट आहेत: ओग्लाला, सिचांगू, हुंकपापा, मिनिकोंजू, इताझिप्चो, सिहासापा, ओओहेनुंपा. लाकोटा आणि डकोटा ही एकाच शब्दाची दोन बोलींतली रूपं, अर्थ मित्र, सोयरे. आपल्याकडे कोकणी-मालवणीवरून जसे वाद होतात, तसे इथेही कोणती बोली आणि कोणती भाषा यावर होतात. त्यात आपण पडू नये.

'सू' ही शिवी नाही. 'ओग्लाला सू ट्राइब' असं अधिकृत नावातही आहे. पण समोरचा माणूस लाकोटा असेल तर लाकोटा म्हणावं.

'रेड इंडियन' म्हटलं तर चालतं का?

नाही. आपल्या शाळेच्या पुस्तकांतून तो शब्द डोक्यात बसलाय, पण तिकडे तो अपमान आहे. 'अमेरिकन इंडियन' मात्र कायद्यात आहे, नुसतं 'इंडियन' सरकारी खात्याच्या नावात आहे, आणि तिथली म्हातारी माणसं स्वतःला सरळ 'इंडियन' म्हणवतात. त्यामुळे आपली ओळख करून देताना गोंधळ ठरलेला. मी "इंडियातली इंडियन" म्हणते आणि दोघंही हसतो. कोलंबसाच्या चुकीचे आपण दोन्हीकडचे वारसदार.

ते पूर्वीपासून घोड्यावर बसून बायसनची (तिकडच्या रानगव्यांची) शिकार करायचे ना?

सिनेमात. खरं म्हणजे सतराव्या शतकात त्यांचं बस्तान मिनेसोटातल्या तळ्यांच्या आणि जंगलांच्या मुलखात होतं. तळ्यात आपोआप उगवणारा जंगली तांदूळ, मासे, हरणं, होड्या. ओजिब्वेंच्या हाती आधी बंदुका आल्या, तो रेटा होता, आणि पश्चिमेला गवताळ मैदानांवर बायसनचे अफाट कळप होते. लाकोटा हळूहळू तिकडे सरकले. घोडे अठराव्या शतकात मिळाले. घोड्याला त्यांचा शब्द 'शुंकावाकान': शुंका म्हणजे कुत्रा, वाकान म्हणजे पवित्र, गूढ. तोवर सामान ओढायला कुत्रीच होती, म्हणून हा मोठा, अद्भुत कुत्रा. तंबूंची वस्ती, पिसांचे शिरपेच आणि धावते घोडे हे चित्र जेमतेम शे-दीडशे वर्षं टिकलं.

या काळाची बखर त्यांनी चित्रांत ठेवली. बायसनच्या कातड्यावर दर वर्षाचं एकच चित्र, त्या वर्षातल्या सगळ्यांना आठवेल अशा घटनेचं. १८३३ च्या नोव्हेंबरात प्रचंड उल्कावर्षाव झाला, तो जवळजवळ प्रत्येक गटाच्या बखरीत आहे: तारे पडले ते वर्ष. माझी आजी "पानशेत फुटलं त्या साली" म्हणायची, तशीच ही कालगणना. वेगवेगळ्या बखरी एकमेकींशी जुळवायला इतिहासकारांना त्या उल्कांचा फार उपयोग झाला.

१८६८ च्या कराराचा एवढा उल्लेख का होतो?

कारण बाकीची सगळी उत्तरं त्यातून निघतात, मदतीचंसुद्धा. म्हणून इथे जरा थांबते.

लाकोटांच्या शिकारीच्या मुलखातून सोन्याच्या खाणींकडे जाणारी वाट काढून सैन्याने तिथे किल्ले बांधले. मख्पिया लुता, म्हणजे रेड क्लाउड, या ओग्लाला मुखियाने १८६६ ते १८६८ अशी दोन वर्षं त्यांना सळो की पळो करून सोडलं. सरकारने किल्ले सोडले आणि फोर्ट लॅरामीला करार केला. आजच्या साउथ डकोटाचा मिझुरी नदीच्या पश्चिमेचा सगळा भाग, ब्लॅक हिल्ससह, त्यांचा राहील. जमीन पुढे कधी द्यायची झाली तर प्रौढ पुरुषांपैकी तीन-चतुर्थांश जणांच्या सह्या लागतील. आणि बदल्यात सरकार देईल: डॉक्टर, शिक्षक, सुतार, लोहार, दर तीस मुलांमागे एक शाळा.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आरोग्य आणि शिक्षण ही त्या जमिनीची किंमत होती. लाकोटांनी आपली बाजू रोख चुकवली, सरकारने उधारी ठेवली. मराठीत 'देणं' या एकाच शब्दात दान आणि कर्ज दोन्ही मावतात. इथे सरकारच्या बाबतीत दुसरा अर्थ लागू आहे.

हा जुना कागद नाही. २०१५ च्या डिसेंबरात रोझबड या सिचांगू लाकोटांच्या राखीव क्षेत्रातल्या सरकारी रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग बंद झाला. लोकांना ॲम्ब्युलन्सने दूरच्या गावी न्यावं लागू लागलं, काही वाटेत गेले. जमात कोर्टात गेली, आणि २०२१ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितलं, की १८६८ च्या करारानुसार डॉक्टरांच्या देखरेखीखालची नीट आरोग्यसेवा देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

मग ब्लॅक हिल्स गेल्या कशा? आणि भरपाईचे पैसे ते घेत का नाहीत?

१८७४ मध्ये कस्टर या अमेरिकी सेनाधिकाऱ्याची सैनिकी मोहीम डोंगरात गेली आणि सोनं सापडल्याची बातमी फुटली. खाणवाले घुसले, सरकारने त्यांना अडवणं सोडून दिलं. २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा, शायान आणि अरापाहो यांनी कस्टर आणि त्याच्याबरोबरची तुकडी संपवली. त्याच वर्षी संसदेने ठराव केला: डोंगर द्या, नाहीतर शिधा बंद. बायसन संपत आलेले, हत्यारं काढून घेतलेली, थंडी तोंडावर. तरीही सह्या मिळाल्या त्या जेमतेम दहा टक्के पुरुषांच्या. १८७७ च्या कायद्याने डोंगर घेतले.

लढाई मग कोर्टात गेली आणि अर्धशतकाहून जास्त चालली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की जमीन योग्य मोबदला न देता घेतली. मूळ किंमत १ कोटी ७१ लाख डॉलर, अधिक १८७७ पासूनचं व्याज. सू जमातींनी ते नाकारलं. सरकारी खात्यात पडलेली ती रक्कम वाढत आता शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे.

"पण इतकी गरिबी असताना?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. पैसे घेतले की व्यवहार पुरा झाला, आणि डोंगर विकले असं होणार. त्यांच्या लेखी ही विक्री कधी झालीच नाही. त्या डोंगरातल्या विंड केव्ह गुहेतून माणसं आणि बायसन पृथ्वीवर आले अशी त्यांची कथा आहे. एखाद्या घरी खायची भ्रांत आहे म्हणून कुणी देव्हारा विकायला काढत नाही, आणि इथे तर गिऱ्हाइकाने तो आधीच उचलून नेलाय. सगळ्यांचं एकमत आहे असं नाही. पैसे घ्यावेत म्हणणारेही आहेत, पण आजवर एकाही जमातीने हात पुढे केलेला नाही.

माउंट रशमोर बघायला जावं की नाही?

जा, पण कुठे उभे आहोत ते माहीत असू द्या. १९२७ ते १९४१ दरम्यान अमेरिकेच्या चार राष्ट्राध्यक्षांचे ते चेहरे याच डोंगरात कोरले. तिथून जवळच क्रेझी हॉर्स या लाकोटा योद्ध्याचं शिल्प १९४८ पासून कोरणं चालू आहे. लाकोटा मुखिया हेन्री स्टँडिंग बेअर यांनी शिल्पकाराला बोलावलं होतं, तरी पवित्र डोंगर आणखी फोडावा का यावर लाकोटांतच दोन मतं आहेत. माझा सल्ला: एक दिवस रशमोरमधून काढून बॅडलँड्सच्या दक्षिण भागाला द्या. तो पाइन रिजच्या हद्दीत येतो. गर्दी नसते.

वुंडेड नीला नेमकं काय झालं?

१८८९ च्या कायद्याने उरलेलं मोठं राखीव क्षेत्र तोडून सहा तुकडे केले आणि सुमारे ९० लाख एकर बाहेरच्यांसाठी मोकळे केले. त्याच सुमारास नेवाडातल्या वोवोका नावाच्या, पायूट जमातीतल्या माणसाचा संदेश मैदानांवर पसरला: विशिष्ट नाच करा, मेलेले परत येतील, बायसन परत येतील. उपाशी लोकांच्या या नाचाला सरकार घाबरलं. १५ डिसेंबर १८९० ला सिटिंग बुल या हुंकपापा मुखियाला पकडायला गेलेल्या पोलिसांच्या हातून तो मारला गेला. भेदरलेला मिनिकोंजू गट, न्यूमोनियाने आजारी असलेल्या बिग फूट या मुखियासह, पाइन रिजकडे निघाला. सैन्याने त्यांना वुंडेड नी ओढ्याकाठी मुक्काम करायला लावला, भोवतीच्या उंचवट्यावर चार हॉचकिस तोफा लावल्या, आणि २९ तारखेला सकाळी हत्यारं गोळा करताना एक गोळी सुटली.

दीडशे ते तीनशे, किंवा जास्तही, माणसं मेली. त्यांत बायका आणि मुलं किती तरी. काही जण मैल-दोन मैल पळाल्यावर गाठून मारलेले. मग हिमवादळ आलं. तीन जानेवारीला गोठलेली १४६ प्रेतं एकाच खंदकात पुरली. या कामगिरीबद्दल सुमारे वीस सैनिकांना देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. संसदेने १९९० मध्ये खेद व्यक्त केला, पदकं तशीच आहेत.

टेकडीवर आज लोखंडी जाळीचं कुंपण आहे, एक दगडी स्तंभ, कुंपणाला बांधलेल्या रंगीत कापडाच्या पुरचुंड्या. मोठं संग्रहालय वगैरे काही नाही. १९८६ पासून दर डिसेंबरात तरुण पोरं बिग फूटच्या वाटेने घोड्यावर येतात, त्या थंडीत. २०२२ मध्ये ओग्लाला आणि शायान रिव्हर या दोन जमातींनी मिळून तिथली ४० एकर जमीन पाच लाख डॉलरला विकत घेतली. स्वतःच्या पूर्वजांचं स्मशान, विकत.

आम्ही मिनेसोटात वीस वर्षं आहोत, इथे कुणी डकोटा दिसत कसे नाहीत?

कारण त्यांना हाकललं. १८६२ च्या उन्हाळ्यात करारातले पैसे आले नाहीत, व्यापाऱ्यांनी उधारीवर धान्य द्यायला नकार दिला आणि युद्ध पेटलं. शेकडो गोरे वसाहतवाले मारले गेले, तेही खरं. नंतर घाईच्या लष्करी खटल्यांत ३०३ जणांना फाशी सुनावली. लिंकनने कागद तपासून बहुतेकांची फाशी थांबवली, तरी २६ डिसेंबर १८६२ ला मॅन्केटोमध्ये ३८ जणांना एकाच वेळी लटकवलं. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी. उरलेल्यांना राज्याबाहेर काढण्याचा कायदा झाला. आज राज्यात डकोटांच्या चार छोट्या वस्त्या आहेत. मिनेसोटा हे नावही त्यांच्याच भाषेतलं, मिनी म्हणजे पाणी.

निवासी शाळांबद्दल ऐकलं होतं...

१८७९ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल इथे पहिली मोठी सरकारी निवासी शाळा निघाली आणि पहिल्या खेपेची मुलं रोझबड आणि पाइन रिजची होती. पोचल्यावर केस कापले. लाकोटांत केस कापतात ते सुतकात, त्यामुळे मुलांना वाटलं घरी कुणी गेलं. नावं बदलली, भाषा बोललं की मार. सिंते ग्लेश्का, म्हणजे स्पॉटेड टेल, हा सिचांगू मुखिया १८८० मध्ये शाळा बघायला गेला. आपल्या पोरांना कवायत करताना पाहून भडकला आणि त्यांना घेऊन घरी आला. रोझबडवरच्या विद्यापीठाला आज त्याचंच नाव आहे. कार्लाइलला दफन केलेल्या रोझबडच्या नऊ मुलांचे अवशेष मात्र घरी यायला २०२१ उजाडलं.

त्यांच्यात आणि आपल्यात काही साम्य आहे का?

ओढूनताणून साम्य शोधू नये, असं मी म्हणते आणि मग स्वतःच शोधते. पण नात्यांचं ऐका. वडिलांच्या भावालाही 'आते' म्हणजे बाबाच म्हणतात, आईच्या बहिणीला 'इना', आईच. माय मरो पण मावशी जगो, हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. मामा आणि आत्या यांना मात्र वेगळे शब्द, आणि त्यांच्या मुलांनाही. चुलत-मावस भावंडं ती सख्खी, आते-मामे भावंडं निराळी. इंग्रजीतला तो एकच 'कझिन' त्यांनाही आपल्याइतकाच अपुरा पडतो. जुन्या रीतीप्रमाणे जावई सासूशी थेट बोलत नसे, आणि दीर-भावजयीची थट्टा जवळजवळ सक्तीची.

भाषेत बोलणारा बाई की बाप्या हे कळतं. आभार मानताना बाई 'पिलामायाये' म्हणते, पुरुष 'पिलामायायेलो'. अस्खलित बोलणारे दोनेक हजारच उरलेत, बहुतेक वयस्कर. लहान मुलांसाठी सगळा दिवस लाकोटातूनच चालणारे वर्ग आता निघालेत.

माणूस गेल्यावर वर्षभराने घरचे जेवण घालतात आणि वस्तू वाटतात: ब्लँकेटं, भांडी, आणि आठ कोनांच्या मोठ्या ताऱ्याच्या गोधड्या. बाई वर्षभर त्या शिवत बसते. ज्याने जास्त दिलं तो मोठा, ज्याने साठवलं तो नव्हे. हा हिशेब समजला नाही तर त्या समाजाबद्दलचं काहीच कळत नाही.

खाण्याचं म्हणाल तर फ्राय ब्रेड हा भटुऱ्याचा सख्खा भाऊ आहे, पण त्याची गोष्ट कडू आहे. सरकारी शिध्यात मैदा आणि चरबी यायची, त्याचं जे करता आलं ते हे. जुनं खाणं निराळं: सुकवलेलं मांस, चोकचेरी आणि चरबी कुटून केलेली वास्ना, बेरींचं दाट गोड वोजापी, आणि वेण्या घालून टांगलेले तिंप्सिला कंद.

कसिनोमुळे ते श्रीमंत असतात, सरकार फुकट पैसे देतं, करही नाही म्हणे?

मंडळाच्या दर पिकनिकला कुणीतरी हे म्हणतंच. आपण मिस्टिक लेकला जातो ते कसिनो शाकोपीच्या डकोटा वस्तीचं, मिनियापोलिसच्या उंबरठ्यावर, आणि सभासद काही शेच. ते श्रीमंत आहेत, आणि इतर जमातींना भरपूर देतात. पाइन रिजचा कसिनो माळरानावर आहे, गिऱ्हाईक कोण येणार? सर्वांना घरबसल्या सरकारी चेक मिळतो हे खोटं. केंद्राचा आयकर ते भरतात.

मग गरिबी इतकी का?

आधी अंदाज यावा म्हणून: पाइन रिज आपल्या सांगली जिल्ह्याहून किंचित मोठं आहे. सांगलीत २०११ च्या जनगणनेत २८ लाख लोक होते, तिथे जनगणनेप्रमाणे विसेक हजार. जमातीच्या मते जास्त. मोठं दुकान, मोठं इस्पितळ दीड-दोन तासांवर, बस जवळजवळ नाहीच, गाडी बंद पडली की नोकरी गेली.

आणि जमीन. १८८७ च्या कायद्याने सामाईक जमिनीचे माणशी तुकडे पाडले, 'जादा' उरलेली बाहेरच्यांना दिली. तुकडे सरकारच्या विश्वस्तपणाखाली राहिले, वाटण्या झाल्या नाहीत, वारस वाढत गेले. एकेका सातबाऱ्यावर दोनशे नावं असावीत तसं झालंय. कुणाला घर बांधायचं तर बहुसंख्य वारसांची संमती आणा, आणि विश्वस्त जमीन सहज गहाण ठेवता येत नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. बरीचशी चराऊ जमीन मग बाहेरच्या गुरेवाल्यांना भाड्याने जाते. दारूचंही सांगते, कारण तो टोमणा नेहमी येतो. पाइन रिजवर दारूबंदी आहे. हद्दीला लागून नेब्रास्कात व्हाइटक्ले नावाच्या मूठभर माणसांच्या गावात चार दुकानं वर्षाला चाळीसेक लाख बिअरचे डबे विकत होती. २०१७ मध्ये ती बंद झाली.

पैसे द्यायचे तर कुणाला?

माझा नियम एकच: कारभार तिथल्याच माणसांच्या हातात आहे का ते बघायचं. ओग्लाला लाकोटा कॉलेज आणि सिंते ग्लेश्का विद्यापीठ दोन्ही १९७१ ची, जमातींनी स्वतः काढलेली. तिथली शिक्षिका, तिथली नर्स तिथेच शिकून तिथेच राहते. अमेरिकन इंडियन कॉलेज फंड १९८९ पासून अशा कॉलेजांसाठी शिष्यवृत्त्या देतो. कोर्टाच्या लढाया नेटिव्ह अमेरिकन राइट्स फंड १९७० पासून लढतो. पाइन रिजवर थंडर व्हॅली ही संस्था घरं बांधते. ओग्लाला धावपटू बिली मिल्स यांनी १९६४ ला टोकियोत दहा हजार मीटरचं सुवर्ण जिंकलं. त्यांच्या 'रनिंग स्ट्राँग' संस्थेचं काम पाणी, अन्न आणि तरुण मुलं यांच्यासाठी आहे.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते लाकोटा फंड्स, १९८६ चं. पाच-सहा जणांचा गट, एकमेकांची जामीनकी, छोटं कर्ज. सुरुवात केली ती बांगलादेशच्या ग्रामीण बँकेचं बघून. आपल्या बचत गटाच्या ताई तिथे पहिल्या दिवशी रुळतील.

जमातीच्या सरकारला सार्वजनिक कामासाठी दिलेली देणगीही अमेरिकेत करसवलतीला पात्र असते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आणि ते पाकीट? ड्रीमकॅचरवालं?

कचऱ्यात टाकायची घाई नको, पण भरून पाठवायचीही नको. अमेरिकेतल्या बहुतेक धर्मादाय संस्थांचा वार्षिक हिशेबाचा फॉर्म ९९० कुणालाही बघता येतो. त्यात छपाई-टपालावर किती, कामावर किती आणि गंगाजळी किती ते दिसतं. २०१४ मध्ये एका निवासी शाळेच्या पत्रांतल्या मुलांची नावं आणि गोष्टी रचलेल्या असल्याचं बातम्यांतून पुढे आलं. रडवणारं पत्र, मोठमोठे आकडे आणि आकड्याचं वर्ष कुठेच नाही, असं असेल तर मी हात आखडता घेते. तसंही, ड्रीमकॅचर मुळात ओजिब्वेंचा. नाव ठेवणाऱ्या शेजाऱ्यांचा!

जुने कपडे पाठवू का?

विचारल्याशिवाय नाही. आमच्या एका मंडळाने मोठ्या उत्साहाने चौदा पोती गोळा केली. त्यात सुती कुर्ते, एक शेरवानी, उंच टाचांचे सँडल. गाडीभाडं गेलं ते गेलं, वर तिथल्या बाईंना दोन दिवस ते निवडत बसावं लागलं. पुढच्या वेळी आधी फोन केला, तर हवं होतं ते असं: मुलांचे नवे मोजे, बर्फातले बूट, डायपर, आणि घरं तापवायला प्रोपेनचे पैसे. उणे तीसमध्ये टाकी रिकामी झाली की शेरवानी काय करणार?

पुण्याहून पैसे पाठवता येतात का?

येतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत परदेशी देणगी बसते, बँकेत फॉर्म भरून. एफसीआरए इथे आडवा येत नाही, तो परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांचा कायदा. परदेशी संस्थेला दिलेल्या पैशावर ८०जी ची सूट मात्र नाही.

वस्तू विकत घेतल्या तर मदत होते?

होते, पण माल खरा असला तर. १९९० च्या कायद्याप्रमाणे इतरांनी केलेली वस्तू 'इंडियन' म्हणून विकणं गुन्हा आहे. कुणी केलं, कुठल्या जमातीचे, हे दुकानदाराला सांगता आलं पाहिजे. घासाघीस करू नका. मणिकामाच्या एका जोडीला किती रात्री लागतात ते विचारा आणि मग बोला.

घामघर किंवा सूर्यनृत्य हे त्यांचे धार्मिक विधी अनुभवायला मिळतील का? इंटरनेटवर पॅकेज दिसतात.

पॅकेज दिसलं तिथेच उत्तर मिळालं. १८८३ पासून सरकारने त्यांच्या विधींवर बंदी घातली होती, कायद्याने संरक्षण मिळालं ते १९७८ मध्ये. मधल्या काळात लपूनछपून जपलेलं ते आहे. विकणाऱ्यांविरुद्ध लाकोटांनी १९९३ मध्ये जाहीर युद्धच पुकारलं. कुणी आपणहून बोलावलं तर जा, आणि फोन गाडीत ठेवा.

पॉवॉवला, म्हणजे त्यांच्या नाचगाण्याच्या मेळ्याला, जाता येईल का? कसं वागावं?

त्याला ते 'वाचिपी' म्हणतात, आणि सगळ्यांचं स्वागत असतं. ओग्लालांची मोठी वाचिपी ऑगस्टच्या सुरुवातीला पाइन रिज गावात भरते. पेट्रोल आधी भरा, दारू गाडीतही नको, बसायला आपली खुर्ची न्या. कडेच्या मांडवाखालच्या जागा कुणाकुणाच्या घरच्या असतात, तिथे विचारून. सुरुवातीला सगळे रिंगणात येतात तेव्हा उभं राहायचं, टोपी काढायची. नाचणाऱ्याचा पोशाख म्हणजे 'ड्रेस' नव्हे, हात लावू नका, फोटोआधी विचारा. गरुडाचं पीस खाली पडलं तर उचलू नका. ढोल थांबतो, ते पीस रीतसर उचलतात.

मधेच एखादं कुटुंब वस्तू वाटायला उभं राहील. माझ्या पहिल्या वेळी एक आजी थेट माझ्यासमोर आली आणि घडी केलेलं ब्लँकेट पुढे धरलं. मी आपली सवयीने, "अहो नको नको, कशाला?" अशा अर्थाचं इंग्रजीत पुटपुटले. तिचा हात तसाच राहिला. शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं. घ्यायचं, आणि रांगेने सगळ्या घरच्यांशी हात मिळवायचे.